दंडाची पट्टी आणि पक्याचा हिशोब

"रेशन कमी झालं तर झालं. कामं करा म्हणावं!" कटिंगचा घोट घेता घेता पक्याने बांगलादेशातल्या छावण्यांमध्ये राहणाऱ्या रोहिंग्या निर्वासितांचा निकाल लावून टाकला. त्याचा अभ्यास म्हणजे सकाळी मोबाइलवर आलेले दोन फॉरवर्ड.

मेधाताई नुकतीच ड्युटी संपवून आली होती. सरकारी दवाखान्यात कुपोषित मुलांच्या वॉर्डात ती नर्स आहे, आणि तिची मैत्रीण वर्षभर तिकडे उखियाच्या रोहिंग्या छावणीत काम करून आलेली. "कुठे करायची कामं? बांगलादेशात त्यांना रीतसर कामाची परवानगीच नाही. छावण्यांभोवती काटेरी कुंपण आहे. आत दहा लाखांवर माणसं, त्यात निम्म्याहून जास्त मुलं."

"मग एवढी पोरं कशाला..."

"हे तू विचारणारच होतास. अरे, ते जिथून आले त्या म्यानमारच्या राखाइन प्रांतात माउंगडॉ आणि बुथिडाउंगला रोहिंग्यांवरच दोन अपत्यांचा नियम लादलेला होता. जास्तीचं मूल कागदावर नाहीच. दवाखाना गाठायचा तर गावाबाहेर जायची परवानगी काढा, नाक्यावर पैसे मोजा. अशा बाईला सरकारी दवाखान्याची धास्ती बसणार नाही तर काय? २०१७ ला जीव घेऊन पळाल्या, पण धास्ती बरोबर आली. छावणीत बाळंतपणाची सोय असूनही कितीतरी जणी झोपडीतच दाईच्या हातून मोकळ्या होतात. आपण लगेच अडाणी म्हणून मोकळे!"

नाना पोस्टातून निवृत्त. ते म्हणाले, "एकाहत्तरला कोटभर माणसं आली होती आपल्याकडे. पत्राला पाच पैशांचं शरणार्थी तिकीट जादा लावावं लागायचं. लोक कुरकुरायचे, पण लावायचे."

"नाना, तुम्ही पाच पैशांचं बोलू नका. गणपतीला पाचशे सांगितले, दोनशे टेकवलेत!"

"मांडवाचा हिशोब दाखव, तीनशे आत्ता देतो."

झालं. दहा मिनिटं मांडव, स्पीकर आणि नारळांचा भाव. पक्या तीन वर्षं खजिनदार आहे आणि हिशोबाची वही तीन वर्षं त्याच्या मेहुण्याकडेच आहे.

"हिशोबाचं निघालंच आहे तर ऐक," ताई म्हणाली. "२०२३ ला छावणीत रेशनचे माणशी महिन्याला १२ डॉलर होते, ते १० झाले, मग ८. दिवसाला बावीसेक रुपये. तू आत्ता दोन कटिंग प्यायलास ना, तेवढे. त्यात तांदूळ, डाळ, तेल सगळं. आणि ताटात कमी पडलं की आधी कोण कमी जेवतं? अंगावर पाजणारी असली तरी आईच."

पर्समधून तिने लहान मुलांचा दंड मोजायची रंगीत पट्टी काढली. "साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंडाचा घेर गेला की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. मेळघाटच्या अंगणवाडीत हेच माप, उखियातल्या कुतुपालोंग छावणीतही हेच. २०२५ च्या फेब्रुवारीत रोहिंग्या छावण्यांत अतितीव्र कुपोषणासाठी दाखल झालेली मुलं आदल्या फेब्रुवारीपेक्षा २७ टक्क्यांनी जास्त होती. रेशन २०२४ मध्ये पुन्हा वाढवलं होतं, आणि या फेब्रुवारीच्या पुढच्याच महिन्यात ते ६ डॉलरवर आणतो म्हणाले संयुक्त राष्ट्रांचे अन्न कार्यक्रमवाले! ओरड झाली, पैसा आला, म्हणून तेव्हा १२ वर टिकलं."

"तरी पण ताई, देशाची सुरक्षा म्हणून काही..."

"वर्षाच्या पोराच्या दंडात कसली सुरक्षा शोधतोस रे?"

पक्या बिस्किटाचा पुडा फोडू लागला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते ताईने जाता जाता सांगितलेलं. संडास लांब, वाटेत अंधार, कोण आडवं येईल याची भीती. म्हणून बायका दिवस कलला की पाणीच पीत नाहीत. पुढे लघवीला जळजळ, ताप, दुखणी. गरोदर बाईसुद्धा तशीच तहानलेली झोपते. याची बातमी कोण करणार? कटिंगवर वाद घालायलाही हे कुणी उचलत नाही, आणि मला तरी ते रेशनच्या आकड्याइतकंच गंभीर वाटतं. दिवे लावणं, संडास जवळ बांधणं, त्याला आतून कडी बसवणं ही माझ्या लेखी औषधंच आहेत.

"ताई, माझा दंड मोज की," पक्याला आता विषय बदलायचा होता. पट्टी अर्धीमुर्धी फिरली आणि टोकाला टोक मिळेना.

"याची उधारी मोजा त्या पट्टीनं!" टपरीवाला आतून ओरडला.

"पुरायची नाही," नाना म्हणाले, "मेहुण्याची वहीच आणावी लागेल."

हसता हसता ताईच्या हातातला चहा सांडला, आणि तोही पक्याच्याच खात्यावर मांडला गेला.