पट्ट्याने पाय आळशी होत नाही

"लकव्यानंतर पायाला प्लास्टिकचा पट्टा घालू नका, पाय आळशी होतो. नस मेलेली असते, तिला करंटचं मशीन लावा. महिन्यात पट्टा सुटेल." हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. परवा एका पेशंटच्या मुलाने तो मला दाखवला. वडिलांचा एएफओ, म्हणजे पोटरीमागून तळव्याखाली जाणारा, चवडा लोंबू न देणारा तो पट्टा, त्याने माळ्यावर टाकूनही दिला होता.

आधी नशीचं बघू. लकव्यात बिघाड मेंदूत असतो. पायाची नस शाबूत असते, तिला वरून निरोप येत नाही. म्हणून तर करंट दिल्यावर लोंबणारा चवडा उचलला जातो! गुडघ्याजवळ मार लागून नस खरंच तुटली असेल, तर हे मशीन काही कामाचं नाही. म्हणजे नस मेली म्हणायचं आणि तिलाच करंट द्यायचा.

पाय आळशी होण्याची भीती आम्हा फिजिओंमध्येही होती. खोटं कशाला बोलू, मीही ती पेशंटना घातलीय. नेदरलँड्समध्ये काहींना लवकर, काहींना उशिरा पट्टा देऊन नडगीवरच्या स्नायूचं काम 26 आठवडे तपासलं. पट्ट्याने ते मंदावलेलं दिसलं नाही. पट्टा माळ्यावर गेला की माणूस पडायच्या भीतीने खुर्ची धरतो, पाय आळशी होतो तो तिथे.

मशीन पट्ट्याहून सरस? 2013 साली अमेरिकेत 197 जणांवर 30 आठवडे तुलना झाली. चालण्याचा वेग दोन्हीकडे सारखाच सुधारला. पुढच्या वर्षी 495 जणांच्या चाचणीतही मशीन पट्ट्याच्या तोडीचं ठरलं, वरचढ नाही. पहिल्या चाचणीत मशीनवाले जास्त खूश होते, हे मात्र मान्य. मला त्याचं नवल नाही. पट्ट्यावर मोठ्या मापाचा बूट लागतो, आणि आपल्याकडे घरात बूट घालून कोण फिरतं? नुसता पट्टा फरशीवर सटकतो. काही मशीन अनवाणीही चालतात.

महिन्यात सुटका, हे तर कुणीच सांगू शकत नाही. थोडा फायदा काहींना मागे उरतो, पण बहुतेकांसाठी मशीन चष्म्यासारखं आहे: लावलं तोवर दिसतं. घोटा आखडलेला असेल तर तेही नाही. आणि पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

खरा राग मला मजकुराखालच्या व्हिडिओचा आला. त्यात पॅड चिकटवलेत थेट पोटरीवर. अहो, पोटरीचा स्नायू चवडा खाली दाबतो! पॅड लागतो गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला, हाडाचा गोल उंचवटा लागतो त्याच्या जरा मागे-खाली; दुसरा नडगीच्या बाहेरच्या बाजूला. बोटभर सरकला तरी पाऊल आत नाहीतर बाहेर वळतं. पहिल्यांदा जागा सापडेपर्यंत माझीही पंधरा-वीस मिनिटं जातात.

त्या मुलाने पट्टा खाली काढला. त्याच्या वडिलांना घालून चालवलं, काढून पाहिलं, तर घोट्याच्या हाडावर लाल वळ, अर्धा तास झाला तरी जाईना. पट्टा बनवणाऱ्याने तेवढी जागा गरम करून बाहेर फुगवून दिली. वडिलांची तक्रार मुळात तेवढीच होती, पण ते बोलले नव्हते.