मिसिंग मारणाऱ्या पिकअपचे पाच 'रामबाण' उपाय

आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. बेळगावच्या मार्केट यार्डापासून निपाणीपर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तोच. 'जुनी पिकअप मिसिंग मारतेय? गॅरेजवाल्याच्या नादी लागू नका' असं वर लिहून खाली पाच उपाय दिलेत. (मिसिंग म्हणजे इंजिन चालता चालता मध्येच हुकणं.) प्लग बदला. नाही थांबलं तर चारही नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोट्या, बदला. टाकीत लिटरभर रॉकेल ओता. काळा धूर असेल तर इंजिन उतरवून खोलायला आलं, पांढरा असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) गेलं. आणि शेवटी, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघा. माझ्या २००८ सालच्या डिझेल पिकअपवर यातले दोन उपाय करून झालेत, रोख पैसे मोजून. तेव्हा एकेक घेतो.

प्लगपासूनच गाडी रुळावरून घसरते. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतोच. आत कोंडलेली हवा दाबली की ती इतकी तापते की वर फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. काही गाड्यांत असतात ते हीटर प्लग, थंड इंजिन चालू करायच्या कामाचे. ते गेले तर सकाळी मिनिट-दोन मिनिटं इंजिन अडखळेल, पांढरा धूर ओकेल. पण गोव्याच्या वाटेवर जांबोटी ओलांडून तापलेलं इंजिन चढाला हुकत असेल तर त्यात हीटर प्लगचा काय संबंध? पेट्रोल आणि सीएनजीच्या छोट्या पिकअपची गोष्ट वेगळी. तिथं प्लग आणि त्याला ठिणगीची वीज देणारी कॉइल हेच पहिले संशयित. गॅसला ठिणगी जोरकस लागते, म्हणून दमलेला प्लग पेट्रोलवर चालतो आणि गॅसवर हुकतो. तरी सगळा सेट नवा घेण्याआधी एका सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून बघा. मिसिंग तिच्यामागोमाग गेली तर चोर हाती लागला.

नोझलचा उपाय अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त महागात पडतो. नोझल गळतं, अडकतं, फवारा सोडायच्या जागी धार सोडतं, हे सगळं होतं. मलाही एका गॅरेजात हेच सांगितलं आणि चारही नोझल बदलून दिले. चौथ्या दिवशी कणकुंबीच्या अलीकडं गाडी पुन्हा तशीच. मागं फ्लॉवर आणि ढबू मिरचीचे क्रेट, पुढं चोर्ल्याचा घाट, आणि गोव्याचं गिऱ्हाईक दर दहा मिनिटांनी फोनवर.

मग खानापुरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पाना हातातच घेतला नाही. "कधी हुकायलीय? सुरू करताना, का चढाला, का सारखीच? आणि कुठला सिलिंडर मेलाय ते कुणी बघितलंय काय?" बघितलं नव्हतं कुणीच. गाडी रात्रभर तिथंच ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि थोड्या वेळानं, बोटं पाण्यात बुडवून, सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांवर एकेक थेंब सोडला. जो सिलिंडर जळत नाही त्याच्या तोंडावर थेंब तसाच बसून राहतो, बाकीच्यांवर तो चर्र करून उडतो. माझ्या गाडीचे चारही थेंब उडाले.

मग इंजिन संथ चालत असताना त्यांनी एकेका नोझलच्या पाइपाचा नट पाव फेरा सैल केला. सिलिंडर काम करत असेल तर डिझेल तुटताच इंजिनाचा आवाज पडतो, मेलेला असेल तर काहीच फरक पडत नाही. चारही वेळा आवाज पडला. म्हणजे चारही सिलिंडर जिवंत, आणि माझे जुने नोझल बहुधा उगाच भंगारात गेले. एक मात्र लक्षात ठेवा: हा नट फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवरच सैल करायचा. तिथं नोझल साधारण दोनशे बारच्या आसपासच्या दाबाला उघडतं, आणि तरीही हात, तोंड लांब ठेवून, फडकं धरूनच. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पंप-नोझलच्या गाडीत दाब हजार बारच्या पुढं जातो. ती धार कातडी फोडून आत घुसते, बोट कापायची पाळी येते. त्या गाडीला स्कॅनर लावा, पाना नको.

एखादा सिलिंडर मेलेलाच निघाला असता तरी नोझल लगेच बदलायचं नसतं. आधी ते टेस्टरवर लावून फवारा बघायचा, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटचं सेटिंग बघायचं. गॅप कमी झाली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात कोंडलेल्या हवेचा दाब, निसटतं. मग कॉम्प्रेशनचं माप, आणि त्यात आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा.

रॉकेलवर मी फार लिहिणार नाही. पंप आणि नोझलला वंगण डिझेलचंच मिळतं, वेगळं ऑइल तिथं नसतं. रॉकेल पातळ आणि कोरडं, त्यानं पंपाचे प्लंजर (आतले दट्टे) घासतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. गंधक काढताना डिझेलचा बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून कंपन्या त्यात वेगळं वंगण घालतात. त्यात आपण रेशनचं निळं रॉकेल ओतायचं!

धुराचं ज्योतिष तेवढंच कच्चं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. बऱ्याचदा एअर फिल्टर चोंदलेला असतो, किंवा टर्बोचा होस फाटलेला. त्यासाठी इंजिन उतरवायचं? पांढऱ्या धुराचा वास घ्या. डोळे चुरचुरले आणि डिझेलचा वास आला तर ते न जळलेलं डिझेल. गोडसर वास आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तरच गॅस्केटवर संशय घ्या. इंजिन ऑइल जळतं तेव्हा धूर निळसर असतो, त्याचं तर मेसेजमध्ये नावच नाही.

बॅटरीची वायर चालू इंजिनावर काढू नका. व्होल्टेज उसळून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड जातात, आणि मिसिंगबद्दल काहीच कळत नाही.

आता माझ्या गाडीचं. चारही सिलिंडर जिवंत आणि तरी चढाला हुकते, म्हणजे खोट चौघांच्या सामाईक वाटेवर. मिस्त्रींनी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि ॲक्सिलेटर दाबायला सांगितला. नळीतून मोहरीएवढे बुडबुडे ओळीनं धावत होते. टाकीकडून येणारा रबरी पाइप चॅसिसला घासून क्लॅम्पखाली तडकला होता. खाली डिझेलचा थेंब नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. पंप ओढतो त्या बाजूला तडा गेला की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. हातभर पाइप आणि दोन नवे क्लॅम्प लागले, मग हँड पंप मारून एअर काढली. त्याच रात्री क्रेट भरून चोर्ला चढलो.