आमच्या गावाला नाव राक्षसाचं आहे!

अंबाबाईने कोल्हासुराला मारलं. मरता मरता त्याने मागून घेतलं, या क्षेत्राला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी माझ्या नावाने कोहळा फोडला जाऊ दे. देवीने दिलं. करवीर माहात्म्यातली ही कथा कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण जिंकली देवी आणि गावाच्या पाटीवर नाव हरलेल्याचं, याचं आपल्याला काहीच वाटत नाही. मला तर ही जगातली लई भारी राक्षसकथा वाटते.

आणि नुसतं नावावर भागलेलं नाही. नवरात्रात ललित पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. विजयाच्या सोहळ्याला बोलावलं नाही म्हणून त्र्यंबोली, म्हणजे हीच टेंबलाई, अंबाबाईची धाकटी बहीण, रुसून, शहराकडे पाठ करून बसलेली. तिची समजूत काढायला थोरली स्वतः चालून येते. तिथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडी मिळवायला ही झुंबड उडते! राक्षस म्हणून फोडलेल्या कोहळ्याची फोड माणसं धक्के खात घरी नेतात. ह्याला काय म्हणायचं?

जेजुरीचं बघा. मणी-मल्ल खंडोबाशी लढले. मल्लाने मागितलं, देवाच्या नावाआधी माझं नाव लागू दे. झाला देव मल्हारी. मणी शरण आला, तर त्याला गडावरच जागा मिळाली. भक्त त्यालाही हात जोडून पुढे जातात. शेताच्या बांधावर शेंदूर फासून बसलेल्या म्हसोबाचं नातं इतिहासकार दा. ध. कोसंबींनी थेट महिषासुराशी जोडलंय. त्यांनी दाखवून दिलं की काही ठिकाणी म्हसोबा आणि त्याला मारणारी देवी शेजारी-शेजारी पुजले जातात.

हे फक्त आपल्याकडेच आहे म्हणून कॉलर ताठ करू नका. जपानात शुतेन दोजी नावाचा दारुडा राक्षस होता, बायका पळवणारा. त्याचं मुंडकं छाटून क्योतोकडे नेताना वाटेतल्या खिंडीत पुरलं, अशी कथा आहे. मरताना त्याला पश्चात्ताप झाला म्हणे. आज तिथे देऊळ आहे आणि डोक्याच्या दुखण्यासाठी लोक त्यालाच साकडं घालतात. पोलंडमधल्या क्राकूवमध्ये वावेल टेकडीखालच्या ड्रॅगनला गंधक भरलेली मेंढी खाऊ घातली. पोटात आग पेटली, तो नदीचं पाणी पीतच सुटला आणि फुटून मेला. आता टेकडीच्या पायथ्याशी त्याचा पुतळा तोंडातून खरोखरची आग काढतो. तरी माझं मत असं, की क्राकूवने ड्रॅगनला पुतळा दिला, पण त्याला काय हवं होतं ते कुणी विचारलं नाही. कोल्हासुराला बोलायला मिळालं.

म्हणूनच हल्लीची पोरांची कार्टून बघवत नाहीत. शिंगं, लाल डोळे, धडाम्, राक्षस संपला. ना वर, ना उःशाप, ना मागणी. दुसऱ्या बाजूला कोल्हासुर-महिषासुर खरे कोण होते यावर दर नवरात्रात फेसबुकवर रणधुमाळी असतेच. त्यात मी पडणार नाही, कमेंटमध्येही नको. मला दुसरंच हवंय. तुमच्या गावात असा कोणी हरलेला आहे का, ज्याचा मान अजून चालू आहे? म्हसोबा, वेताळ, कोणीही चालेल. त्याला काय देतात आणि ते देणं कुणाच्या घराकडे आहे, तेवढं लिहा.