आप्पा, कपडेपटाला स्वतंत्र माणूस का लागतो

आप्पा, नमस्कार.

नाटकाच्या कपडेपटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीत, पण खाली नाव नाही, नुसतं 'आप्पा, अमळनेर'. म्हणून मीही आप्पाच म्हणते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घडी, इस्त्री, बटण टाकणं ही कामं घरोघरी बायका रोज करतात, ती 'तांत्रिक बाजू' म्हणून मिरवू नयेत, असं आप्पांचं म्हणणं. त्यांच्या तरुणपणी गणपतीतल्या नाटकांत नट घरूनच कपडे आणायचे आणि नाटकं रंगायची. जळगावला त्यांनी नुकतंच जे नाटक पाहिलं, त्यातल्या म्हाताऱ्याचं धोतर पिवळट, मळकं होतं, तेव्हा 'कपडेपटाची बाई काय झोपली होती?' आणि शेवटी, हौशी मंडळाने हे आणखी एक मानधन कुठून द्यायचं?

धोतरापासून सुरुवात करते, कारण ती बाई मीच.

ते धोतर स्वच्छ धुतलेलं होतं आणि मग मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवलेलं. नवंकोरं पांढरं कापड दिव्यांखाली डोळ्यांवर येतं. नट बोलतो वर आणि प्रेक्षक बघतो गुडघ्याखाली. कोऱ्या चहात थोडा वेळ ठेवून, पिळून सावलीत वाळवलं की त्याची लकाकी जाते आणि पाच-सहा रांगा मागून ते पांढरंच दिसतं. तुम्ही बहुतेक पहिल्या रांगेत बसला होतात. ती रांग मान्यवरांची, तिथून दिसणारं सगळं खरं नसतं.

आता घडी-इस्त्री. इस्त्री मी करतेच, आणि तिच्याबद्दल मला काही थोर वाटत नाही. पण घरी शर्टाचं बटण तुटलं तर माणूस दुसरा शर्ट घालतो. तिसऱ्या घंटेनंतर दुसरा शर्ट नसतो. कपडेपट सांभाळणं म्हणजे ठरल्या क्षणी, ठरल्या विंगेत, ठरला कपडा घालण्याजोग्या अवस्थेत हजर ठेवणं. वेशभूषा ठरवणारा माणूस वेगळा. त्याचं काम बरंचसं रंगीत तालमीपर्यंत उरकतं, माझं तिथून पुढे प्रत्येक प्रयोगाला नव्याने असतं.

एक बदल सांगते. मागच्या प्रवेशात लग्नाचा शालू, ब्लॅकआउट, आणि पुढच्या प्रवेशात तीच मुलगी सुती साडीत चुलीपुढे. मधे एक लहान गाणं, तेवढाच वेळ. ग्रीन रूमपर्यंत जायला फुरसत नसते, सगळं विंगेतच. सुती साडी आधीच शिवून, कमरेला हूक लावून तयार असते. पोलकं शालूच्या ब्लाउजच्या आत पहिल्यापासून घातलेलं असतं, म्हणून शालूचा ब्लाउज दोन बोटं सैल शिवून घ्यायचा. चपला जमिनीवर, पुढची टोकं रंगमंचाकडे, म्हणजे पाय घातला की चालायला लागायचं. बॅटरीला निळा जिलेटीन कागद, नाहीतर उजेड थेट पडद्यावर. एक जण दागिने उतरवून डब्यात टाकतो, दुसरा मागचे हूक काढतो, आणि मुलीने स्वतः काहीही करायचं नाही, नुसते हात वर धरून उभं राहायचं. हेच तिला शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. घाईत प्रत्येक नट स्वतःच्या गाठी स्वतः सोडायला जातो आणि नाडीची निरगाठ करून ठेवतो.

बरेच जण सांगतात, वेलक्रो लावा, काम झटक्यात होतं. होतं खरं, पण वेलक्रो उघडताना फर्रकन आवाज येतो. गाणं चालू असेल तर चालून जातं. रंगमंचावर कुणी मेलंय आणि सगळं नाट्यगृह शांत आहे अशा वेळी तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तिथे चापबटणंच हवीत. कुठे काय लावायचं हे संहिता हातात घेऊनच ठरतं, आणि माझं त्यातलं सगळं वाचन या असल्या कारणांसाठी असतं.

मग घाम. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, वरून दिवे, आणि नट मखमली अंगरख्यात. प्रयोग संपला की तो अंगरखा घडी घालून पेटीत टाकणं म्हणजे त्याचा जीव घेणं. आधी उलटा करून हवेवर लटकवायचा. हल्लीची जरतार बहुधा नकली असते, घामाने ती लवकर काळी पडते. तिच्याजवळ डांबरगोळ्याही ठेवायच्या नाहीत, मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. धुता न येणाऱ्या कपड्यांवर परदेशातल्या थिएटरांत पाण्यात वोडका मिसळून फवारतात, त्याने घामाचा वास मरतो. उपाय खरा आहे, पण मंडळाच्या हिशेबात ती बाटली कुठल्या खात्यावर टाकायची हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तूर्त मी काखेत अस्तराचा सुटा तुकडा टाचते, दर प्रयोगानंतर तो उसवून धुते.

राहिली तुमची गणपतीतली नाटकं. ती रंगली असणारच, मी कुठे नाही म्हणते? घरगुती सामाजिक नाटक, एकच दिवाणखाना, तीन अंकांत तेच लोक. त्याला घरचा सदरा पुरतो. पण त्याच काळी आपल्याच मुलखातून फिरणाऱ्या तमाशात गण-गवळण झाली की गवळणीत नाचलेली बाई वगात राणी होऊन यायची. पेटारे कुणीतरी लावलेलेच असायचे, नाहीतर राणी गवळणीच्याच लुगड्यात आली असती. तुम्ही बालगंधर्वांचा दाखला दिलात, की नटाच्या अंगात तेज असलं की झालं. बालगंधर्व लहानपणी आपल्या जळगावातच मेहबूबखाँकडे गाणं शिकले, त्यामुळे त्यांच्याबद्दल आपल्याला माया जास्त. पण 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हापासून तिची कीर्ती गाण्याइतकीच शालू-दागिन्यांची होती. ते भारी शालू गावोगाव नेऊन, उन्हा-पावसातून जपून प्रयोगाला पुन्हा नव्यासारखे उभे करणारी माणसं कंपनीत होतीच. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत म्हणून ती नव्हती असं होत नाही.

पैशाचं मात्र तुमचं बरोबर आहे. हौशी मंडळाची दमडीची ऐपत मला ठाऊक आहे. एका मंडळाने मला शेवटपर्यंत गाडीभाडंही दिलं नाही, आणि तरी पुढच्या वर्षी फोन केला. पण भाड्याने आणलेला पोशाख फाटला, डागाळला तर अनामत कापली जाते, ती कुणाच्या खिशातून जाते? खोट्या रक्ताचा डाग त्याच रात्री गार पाण्यात टाकला तर बहुतेक निघतो. दोन दिवस पेटीत राहिला तर ते धोतर तुमचं झालं. खोट्या रक्ताच्या मिश्रणात आधीच थोडं भांड्याचं लिक्विड घातलं तर काम आणखी सोपं. अनामत वाचली तर त्यातूनच मानधनाचा बराचसा खर्च निघतो.

यंदा तुमचं मंडळ राज्य नाट्य स्पर्धेला जळगाव केंद्रावर उतरणार आहे, असंही तुम्ही लिहिलंय. तिथे 'मना फेटा कोठे शे वं ताई?' म्हणून ऐन एंट्रीला विचारणारा एक तरी निघतोच. पगारी माणूस नको असेल तर नको, पण ज्याला त्या नाटकात एंट्रीही नाही आणि संवादही नाही असा एक जण कपडेपटावर बसवा, प्रवेशवार यादी त्याच्या हातात द्या आणि प्रत्येक हँगरवर नटाचं नाव लिहा. प्रॉम्प्टरला हे काम देऊ नका, त्याचे डोळे संहितेवर असतात. फेटे बांधलेलेच न्या, आणि सुया-दोऱ्याच्या डब्यात काळा आणि पांढरा दोरा आधीच ओवून ठेवा.