त्याआधीचं एक मिनिट

गेल्या आठवड्यात इंदूरच्या रामबागेत माझ्या भाच्यानं एकाच्या कानफटात मारली. फाटकासमोर लावलेली गाडी काढा, एवढंच म्हणणं होतं. तो माणूस माझ्या विधवा बहिणीबद्दल, तिच्यासमोरच, इतकं घाण बोलला की पोराचा हात उठला. एकदाच. समोरच्याचा ओठ फुटला.

ठाण्यात भाच्यावर रिपोर्ट लिहिली गेली, भारतीय न्याय संहितेची तीन कलमं लावून : २९६ (शिवीगाळ), ११५(२) (साधी मारहाण), ३५१ (धमकी). इंदूरमध्ये वर्षानुवर्षं जुन्या दंडसंहितेचं २९४-३२३-५०६ हेच त्रिकूट चालायचं, १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. साधी मारहाण अदखलपात्र असते, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत; पण शिवीगाळीचं २९६ दखलपात्र, ते जोडलं की अख्खं प्रकरण दखलपात्र होतं. पोरानं शिवी दिलीच नव्हती. आईला काय ऐकावं लागलं, हे त्या कागदावर कुठेच नाही.

आणि कायद्यात त्यासाठी जागा आहे हो! न्याय संहितेचं कलम १२२. गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे साधी दुखापत केली, तर जास्तीत जास्त १ महिना कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ११५(२) मध्ये हेच १ वर्ष आणि १० हजार. १८६० च्या दंडसंहितेतही हा फरक होता, कलम ३३४. माणसाचा तोल जातो, हे इंग्रजांच्या कायद्यालाही कळत होतं.

ही मोकळीक नाही, गुन्हा गुन्हाच राहतो. शिवाय राग ज्यानं चिथावलं त्याच्यावरच निघायला हवा, सोबतच्यावर नाही. आणि डोकं शांत व्हायला वेळ मिळाला की सवलत संपली. नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, तो खटला खुनाचा होता; पण सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्या मधले तीन तास नेमके मोजले. म्हणूनच त्या रात्री भाच्याचे मित्र "चल, पाहून घेऊ" म्हणत आले, तेव्हा मी दारातूनच परत पाठवले. थप्पड समजू शकते. तासाभरानं चौघांनी जाणं मला समजत नाही.

भाचा २२ वर्षांचा, बँकेच्या परीक्षा देतोय. फॉर्मवर प्रलंबित गुन्ह्याचा रकाना आला की हात थांबतो त्याचा. तपास करणाऱ्यानं पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं : मारण्याआधी काय झालं? कोण काय बोललं, कोणी ऐकलं? शेजारच्या काकू गॅलरीतच होत्या. त्यांचा जबाब अजून झालेला नाही.

आमच्याकडे कोर्टात तडजोडीला राजीनामा म्हणतात. मारहाणीच्या कलमात तो होऊ शकतो. रविवारी भाच्याला घेऊन त्या गृहस्थांकडे जातेय. थपडेबद्दल तो माफी मागेल. ताईची माफी त्यांनीही मागावी, हे मी समोर बसूनच सांगणार आहे.