तेवीस भागांत संपलेली गोष्ट

मे २०२५च्या मध्यावर ‘रईस’च्या गाण्यांचं मुखपृष्ठ संगीताच्या ॲपवर बदललं. आधी त्या चौकोनात दोघं होती, शाहरुख खान आणि पाकिस्तानी नटी माहिरा खान. नंतर एकटा शाहरुख उरला. ‘जालिमा’ अजूनही अरिजित सिंग आणि हर्षदीप कौर या दोघांच्या आवाजात वाजतं, फक्त ज्या बाईवर ते गाणं चित्रित झालं तिचा चेहरा मुखपृष्ठावरून पुसला गेला.

त्याआधीचे दिवस सगळ्यांना आठवत असतील. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. आठवडाभरानंतर माहिरासह अनेक पाकिस्तानी कलाकारांची इन्स्टाग्राम खाती भारतात दिसेनाशी झाली. हम टीव्ही, एआरवाय डिजिटल यांच्या यूट्यूब वाहिन्याही बंद झाल्या. ७ मेच्या भारतीय कारवाईला माहिराने समाजमाध्यमावर भ्याड म्हटलं आणि तिच्यावरचा राग आणखी वाढला. तो राग समजण्यासारखाच होता. ८ मे रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने ओटीटी कंपन्यांना पाकिस्तानात तयार झालेले चित्रपट, मालिका, गाणी, पॉडकास्ट काढून टाकायला सांगितलं. ‘रईस’ त्या सूचनेत बसत नाही. तो मुंबईतल्या निर्मात्यांचा, मुंबईच्या पैशातला चित्रपट. सूचनेने जे मागितलं नव्हतं तेही कुणीतरी सावधगिरी म्हणून उरकून टाकलं.

इथे ब्रिटनमध्ये बसून या वादाकडे पाहिलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की आपण तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरतो. पाकिस्तानी कलाकाराला भारतात येऊन काम करू द्यायचं का, हा एक प्रश्न. तो व्हिसाचा आहे आणि त्याचं उत्तर सरकारने द्यायचं. युद्धासारखी परिस्थिती असताना सरकार नाही म्हणालं, तर तो त्याचा अधिकार आहे. झालेल्या कामाचं काय करायचं, हा दुसरा. आणि आपल्या घरात बसून माणसाने काय पाहावं, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असलं म्हणून उरलेल्या दोन्हींचं उत्तर आपोआप ‘नाही’ होत नाही.

महाराष्ट्रात हा गोंधळ २०१६ साली सर्वांत स्पष्ट दिसला. १८ सप्टेंबरला उरीचा हल्ला झाला. पाच दिवसांत मनसेने पाकिस्तानी कलाकारांना देश सोडायला ४८ तास दिले. २९ सप्टेंबरला निर्मात्यांच्या ‘इम्पा’ या संघटनेने त्यांच्यावर बंदीचा ठराव केला. लक्षात घ्या, एक पक्ष आणि एक व्यावसायिक संघटना; यात सरकारी आदेश कुठेच नव्हता. २२ ऑक्टोबरला ‘वर्षा’वर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, राज ठाकरे आणि ‘ऐ दिल है मुश्किल’मध्ये पाकिस्तानी नट घेतलेले निर्माते करण जोहर यांची बैठक झाली. पाकिस्तानी कलाकार घेतलेल्या निर्मात्यांनी सैनिक कल्याण निधीला पाच कोटी रुपये द्यावेत, अशी अट पुढे आली. असा पैसा सैन्याने घ्यावा का, असं निवृत्त अधिकाऱ्यांनीच उघडपणे विचारलं. डिसेंबरात शाहरुख राज ठाकरेंना भेटला. माहिरा प्रसिद्धीसाठी भारतात येणार नाही, हे तिथे ठरलं. जानेवारी २०१७मध्ये ‘रईस’ लागला तेव्हा नायिका कराचीत होती.

पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तोच ‘रईस’ पाकिस्तानच्या सेन्सॉर मंडळाने अडवला. मुस्लिमांना गुन्हेगार दाखवलंय, असा आक्षेप होता. म्हणजे तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा हिंदी चित्रपट तिच्याच देशात लागला नाही, आणि जिथे लागला तिथे तिला जाता आलं नाही. पाकिस्ताननेही ऑक्टोबर २०१६मध्ये भारतीय मालिका-चित्रपट टीव्हीवरून पूर्णपणे काढले होते. २०१९मध्ये पुलवामा-बालाकोटनंतर तिथल्या चित्रपटगृहांतूनही भारतीय चित्रपट गेले. त्यांची चित्रपटगृहं हिंदी चित्रपटांच्या गल्ल्यावर चालत असल्याने तो घाव त्यांच्याच पायावर बसला. इकडचे जे उत्साही लोक ‘आपण एवढे मोठे, त्यांना काय गरज’ म्हणतात, त्यांनी हा हिशेबही पाहावा. बंदीत दोन्हीकडचे लोक आपलंच नुकसान करून घेतात.

आता मुळात ही बाई कोण, ते पाहू. कारण या वादात तिचं काम कुणी पाहिलेलं असतंच असं नाही.

माहिराचा जन्म कराचीतला, २१ डिसेंबर १९८४चा. सतराव्या वर्षी ती शिकायला लॉस एंजेलिसला गेली. सांता मोनिका कॉलेज, मग युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया. पदवी पूर्ण न करताच परतली. सुरुवात टीव्हीवर व्हीजे, म्हणजे गाण्यांच्या कार्यक्रमाची निवेदिका, म्हणून झाली. २०११मध्ये शोएब मन्सूर यांचा ‘बोल’ आला. लाहोरातला जुन्या वळणाचा हकीम आणि त्याच्या मुली, अशी ती गोष्ट. त्यात ती मुख्य नायिका नव्हती, बहिणींपैकी एक होती. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला हम टीव्हीवर ‘हमसफर’ सुरू झाली, आणि ३ मार्च २०१२ला तेविसाव्या भागाला संपली. त्यानंतर पाकिस्तानात तिचं नाव ठाऊक नसलेलं घर सापडणं कठीण झालं. भारतात ती पोचली झी समूहाच्या ‘जिंदगी’ वाहिनीमुळे. ही वाहिनी जून २०१४मध्ये सुरू झाली, आणि तिने सप्टेंबर २०१६मध्ये पाकिस्तानी मालिका थांबवल्या. जेमतेम सव्वादोन वर्षं. तेवढ्यात पुण्या-नाशिकच्या घरांतून ‘हमसफर’चा नायक फवाद खान आणि माहिरा ही नावं ओळखीची झाली.

‘हमसफर’ची गोष्ट ऐकायला जुनीच वाटेल. सिंधमधल्या हैदराबादची साधी मुलगी खिरद लग्न होऊन कराचीच्या श्रीमंत घरात येते. नवऱ्याच्या आईला ती नको असते. सासू बनाव रचते, नवरा विश्वास ठेवतो आणि गरोदर खिरदला रात्रीच्या वेळी घराबाहेर काढलं जातं. चार वर्षांनी ती परत येते, ती मुलीच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी. ही गोष्ट बाईच्या सोसण्याचं कौतुक करते, असा आक्षेप तिथल्याच टीकाकारांनी घेतला आणि तो खोटा नाही. पण परतलेली खिरद कशी उभी राहते ते पाहा. नवऱ्यासमोर ती रडत नाही, खुलासे करत नाही. खालच्या, सपाट आवाजात मुलीच्या आजाराबद्दल बोलते, हक्काचं मागते आणि गप्प होते. त्या गप्प राहण्यात चार वर्षं दिसतात. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. माहिराचं बळ नेमकं इथे आहे, दाबून धरलेल्या भावनेत. जिथे आवाज चढवायचा, हातवारे मोठे करायचे तिथे ती उणी पडते. ‘द लेजंड ऑफ मौला जट्ट’ या २०२२च्या पंजाबी चित्रपटात ते दिसतं. तिची मातृभाषा उर्दू, आणि त्यातल्या तिच्या मुक्खो या पात्राची ठसकेबाज पंजाबी तिच्या तोंडात घट्ट बसत नाही, असं पंजाबी प्रेक्षकांनी स्पष्ट सांगितलं.

‘हमसफर’च्या शीर्षकगीताबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कुरतुलऐन बलोचने गायलेली ती गझल नसीर तुराबींची. ऐकणाऱ्याला ती तुटलेल्या संसाराची वाटते. प्रत्यक्षात ती १९७१ साली ढाका हातून गेलं त्या दुःखावर लिहिलेली आहे. आपण ज्या डिसेंबरला विजय म्हणतो, त्याची दुसरी बाजू ‘जिंदगी’ वाहिनीवरून महाराष्ट्रातल्या दिवाणखान्यांत वाजत होती, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

अशी नटी घडते कुठून? माझ्या मते खरा विषय हा आहे, आणि आपल्या वादात तोच येत नाही.

पाकिस्तानी मालिका साधारणपणे आठवड्यातून एकदा लागते. तासाभराच्या जागेत, जाहिराती वगळून चाळीसेक मिनिटं. वीस ते तीस भागांत गोष्ट संपते. लिहिणारा एकच असतो, बहुतेकदा लिहिणारी. ‘हमसफर’च्या फरहत इश्तियाक, ‘शहर-ए-जात’ या माहिराच्याच दुसऱ्या मालिकेच्या उमेरा अहमद, या दोघी उर्दू डायजेस्टमधून पुढे आलेल्या. डायजेस्ट म्हणजे बायकांची मासिकं, त्यांत कादंबरी क्रमशः छापून येते. आपल्याकडे ‘मेनका’, ‘माहेर’ आणि दिवाळी अंकांनी जे केलं त्याच जातीचं. फरक एवढाच, की तिथल्या वाहिन्यांनी तो साठा उचलला आणि लेखिकेचं नाव शीर्षकात ठळकपणे टाकलं. आपल्या मासिकांतल्या दीर्घकथा मासिकांतच राहिल्या.

चित्रीकरण बहुतेक वेळा सेटवर नसतं. कराचीतले खरे बंगले भाड्याने घेतात. खोली खरी, जिना खरा, खिडकीतून येणारा उजेडही खरा. त्याचा फायदा असा की पात्र घरात वावरतं, रांगेत उभं राहून संवाद म्हणत नाही. तोटेही आहेत. खोली लहान असली की कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नसते. आवाज जागेवरच घेतला जातो, त्यामुळे पंखा-एसी बंद ठेवून कराचीच्या उन्हाळ्यात काम करावं लागतं.

आता आपला हिशेब करू. मराठी दैनंदिन मालिका आठवड्याचे सहा दिवस, रोज बावीसेक मिनिटं. आठवड्याला १३२ मिनिटं. ‘हमसफर’ संपूर्ण मिळून सुमारे ९२० मिनिटांची. आपल्याकडे ती सात आठवड्यांत संपली असती, आणि आठव्या आठवड्यात लेखकाच्या पुढे कोरा कागद असता. मग गोष्ट ताणावी लागते, हरवलेला भाऊ परत येतो, मेलेलं माणूस उठतं. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. रोज सकाळी आलेला प्रसंग दुपारी चित्रित करणारा नट पात्राचा शेवट जाणतच नाही. खिरद चौथ्या भागात कशी हसेल हे ठरवायचं, तर तेविसाव्या भागात काय होणार हे नटीला माहीत असावं लागतं. माहिराला ते माहीत होतं. आपल्या मुक्ता बर्वे, अमृता सुभाष अभिनयात कुठेही कमी नाहीत. कमी आहे ती संपणाऱ्या गोष्टीची जागा. २०१२च्या जानेवारीत ‘झी मराठी’वर सुरू झालेली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ त्याच वर्षी संपवली गेली, आणि लोक आजही ती आठवतात. ‘हमसफर’ संपली तेच हे वर्ष.

तिथलं सगळं गोड आहे असं नाही. मानधन महिनोन्‌महिने अडकतं, अशी तक्रार तिथले कलाकार उघडपणे करतात. मालिका पुन्हा दाखवली, यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली, तरी नटांना रॉयल्टी मिळत नाही. टीआरपी चढला की तिथेही भाग वाढवतात, आणि मग थप्पड, रडणं, दुसरं लग्न यांचं दळण सुरू होतं. २०१९मध्ये एका ज्येष्ठ नटाने टीव्हीवर सांगितलं की माहिराने आता आईच्या भूमिका कराव्यात. तेव्हा ती ३४ वर्षांची होती. ‘वरना’ या २०१७च्या चित्रपटात तिने बलात्कारानंतर स्वतः न्याय मिळवणारी बाई केली, तर सेन्सॉरने तो आधी रोखला. निदर्शनं झाली, मग सोडला. तिच्या देशातही तिची वाट सरळ नव्हती. तरी तिने ‘शहर-ए-जात’मधली आत्मतृप्त श्रीमंत फलक केली, ‘सदके तुम्हारे’मधली सत्तरच्या दशकातल्या पंजाबातली शानो केली, आणि पुढे स्वतःची निर्मिती संस्था काढून सैन्यातल्या महिला लेफ्टनंट जनरल निगार जोहर यांच्यावर ‘एक है निगार’ बनवला. या शेवटच्या कामात पाकिस्तानी लष्कराचं कौतुक आहे, आणि ते पाहताना मराठी माणसाला खटकेल. खटकू द्यावं. खटकलं तर लिहावं, वाद घालावा. त्यासाठी आधी ते पाहायला मिळायला हवं.

न्यायालयातही हा विषय झाला. पाकिस्तानी कलाकारांवर पूर्ण बंदी घाला, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबरात त्यात हात घालायला नकार दिला. तरी ‘मौला जट्ट’ भारतात लागू शकला नाही, डिसेंबर २०२२मध्येही नाही आणि ऑक्टोबर २०२४मध्येही नाही. ब्रिटनमध्ये तो आठवड्यामागून आठवडे चालला, आणि प्रेक्षकांत जालंधरकडचे पंजाबी होते तसेच लाहोरकडचेही. २०२५मध्ये पाकिस्तानी नटी हानिया आमिर असलेला ‘सरदारजी ३’ आणि फवाद खानचा ‘अबीर गुलाल’ हे दोन्ही चित्रपट भारत वगळून बाहेर लागले. भारतीय कलाकार, भारतीय भाषा, आणि पाहणारे आम्ही, लंडन-लेस्टरमधले.

इथल्या मराठी घरांत मुलांना सांभाळायला आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात. थंडीत बाहेर पडता येत नाही, मग टीव्हीवर यूट्यूब लागतं. उर्दू लिपी वाचता येत नसली तरी भाषा ऐकून कळते, अडलं तर खाली इंग्रजी ओळ असते. कुणी ‘हमसफर’ सुरू केली असेल आणि मुक्काम संपेपर्यंत सतरा भाग झाले असतील, तर उरलेले सहा निघण्याआधीच पाहून घ्यावेत. पुण्याला पोचल्यावर तीच यूट्यूब वाहिनी शोधली, तर ती या देशात उपलब्ध नाही, एवढीच ओळ समोर येते.