साठेखताची मुदत उलटली म्हणजे नेमके काय होते?

जमीन-घरांच्या व्यवहारांविषयी एक संदेश समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्याचा आशय असा : साठेखतातील, म्हणजे मिळकत पुढे विकण्याच्या लेखी करारातील, मुदत संपली की करार आपोआप रद्द होतो, विसार मालकाचा होतो, मालक मिळकत दुसऱ्याला विकण्यास मोकळा होतो, मात्र साठेखत नोंदणीकृत असेल तर खरेदीदार केव्हाही न्यायालयामार्फत खरेदीखत (मालकी देणारा अंतिम दस्त) करून घेऊ शकतो. या चारपैकी एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि चौथे तर त्यावर विसंबणाऱ्या खरेदीदाराच्या अंगाशी येणारे आहे. बिल्डरकडून घेतलेल्या नव्या सदनिकांना रेरा कायदा लागू होतो, म्हणून तो विषय येथे बाजूला ठेवला आहे. पुढील विवेचन दोन व्यक्तींमधील साध्या साठेखतापुरते आहे.

पहिले विधान, करार आपोआप रद्द होण्याचे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 प्रमाणे, ठरलेल्या वेळेत पूर्तता होणे हेच कराराचे मर्म असेल तर वेळ चुकल्यावर दुसऱ्या पक्षाला तो करार रद्द करण्याचा पर्याय मिळतो. पर्याय मिळणे आणि करार आपोआप संपणे यांत मोठा फरक आहे. शिवाय स्थावर मिळकतीच्या विक्रीत वेळ हे कराराचे मर्म असल्याचे गृहीत धरले जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चांद राणी प्रकरणात (1993) स्पष्ट केले. कराराच्या अटी, मिळकतीचे स्वरूप आणि व्यवहाराची परिस्थिती पाहून ते ठरते. करारात ‘मुदत हा या कराराचा गाभा आहे’ असे वाक्य घातले आणि त्याच करारात उशिराच्या रकमेवर व्याज आकारण्याची तरतूदही ठेवली, तर त्या वाक्याचा जोर आपोआप ओसरतो. विक्रेत्यानेच बँकेचा बोजा उतरवलेला नसेल किंवा विक्रीची परवानगी आणलेली नसेल, तर मुदत उलटल्याचा फायदा त्याला घेता येत नाही. करार खरोखर संपवायचा असेल, तर वाजवी अवधी देणारी लेखी नोटीस पाठवून त्यानंतर तो लेखी रद्द करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

याचा अर्थ खरेदीदाराने निर्धास्त बसावे असा मात्र होत नाही. के. एस. विद्यानादम प्रकरणात (1997) घराची किंमत 60,000 रुपये, विसार 5,000 रुपये आणि मुदत सहा महिन्यांची होती. खरेदीदार सुमारे अडीच वर्षे स्वस्थ राहिला आणि तेवढ्यात घराचे भाव कितीतरी वाढले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला खरेदीखत करून देण्यास नकार दिला. वेळ हे मर्म नसले तरी करारात मुदत घातली आहे तिला काही अर्थ असतोच, हा त्या निकालाचा रोख आहे आणि माझ्या मते तो व्यवहाराला धरून आहे.

विसाराचे विधान अर्धवट आहे. खरेदीदाराच्या चुकीमुळे व्यवहार मोडला आणि रक्कम खऱ्या अर्थाने विसार म्हणून, म्हणजे व्यवहार पुरा करण्याची हमी म्हणून, दिलेली असेल, तर ती जप्त करता येते. सतीश बत्रा प्रकरणात (2013) हेच मान्य झाले. पण किमतीपोटी दिलेल्या हप्त्यांना ‘विसार’ असे नाव दिल्याने ते विसार होत नाहीत. फतेहचंद प्रकरणात (1963) 1,000 रुपयांचा विसार विक्रेत्याला ठेवता आला, परंतु किमतीपोटी मिळालेले 24,000 रुपये करार कायद्याच्या कलम 74 खाली दंड ठरले, म्हणजे ते जप्त करता आले नाहीत. त्यात भर म्हणजे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55(6)(ब) प्रमाणे, खरेदीदाराने ताबा घेण्यास गैररीतीने नकार दिला नसेल तर त्याने दिलेल्या रकमेचा बोजा त्या मिळकतीवरच राहतो. न्यायालयात जाताना मात्र पैसे परत मिळण्याची मागणी दाव्यात स्वतंत्रपणे मांडावी लागते; ती न मागता न्यायालय तो दिलासा देत नाही.

मालक मोकळा होतो काय? साठेखताने मिळकतीत कोणताही मालकी हितसंबंध निर्माण होत नाही हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 मध्ये स्पष्ट आहे. तरीही विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (करार प्रत्यक्ष पाळायला लावण्याविषयीच्या कायद्याच्या) कलम 19 प्रमाणे, मूळ कराराची माहिती असताना मिळकत घेणाऱ्या नव्या खरेदीदारावरही तो करार अंमलात आणता येतो. नोंदणीकृत साठेखत असेल तर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव जवळजवळ उरत नाही. दावा चालू असताना मिळकत घेणाऱ्यालाही निकाल बांधावा म्हणून, दावा दाखल झाल्यावर महाराष्ट्रात प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी लागते. हे काम अनेक जण विसरतात.

आता चौथे विधान. दावे दाखल करण्याची कालमर्यादा ठरवणाऱ्या मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 54 नुसार, पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा दाखल केला पाहिजे. पूर्ततेची तारीख 31 मार्च 2023 असेल, तर 31 मार्च 2026 नंतर दावा मुदतबाह्य होतो. साठेखत नोंदलेले असल्याने त्यात एक दिवसही वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्याने हे घड्याळ थांबत नाही. तारीख नसून ‘सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत’ अशी अट असेल, तर विक्रेत्याने नकार दिल्याचे खरेदीदाराला कळल्यापासून मुदत मोजावी की कसे, यावर वाद होतो. पूर्ततेची मुदत वाढवायचीच असेल तर दोघांच्या सह्यांचा पुरवणी करार करावा. आणि मुदतीत दावा केला तरी आपण सुरुवातीपासून पैसे देण्यास तयार व इच्छुक होतो हे खरेदीदाराने सिद्ध करावे लागते; त्यासाठी त्या काळातील बँक खात्याचा उतारा किंवा कर्जमंजुरीचे पत्र तोंडी आश्वासनांपेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

ताबा मिळालेल्या खरेदीदाराची स्थिती थोडी निराळी आहे. शामराव सूर्यवंशी प्रकरणात (2002) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, दाव्याची मुदत गेली तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53-अ च्या (कराराप्रमाणे ताबा घेतलेल्या खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या कलमाच्या) अटी पूर्ण करणारा खरेदीदार आपला ताबा वाचवू शकतो. मात्र 24 सप्टेंबर 2001 नंतरच्या करारासाठी ते साठेखत नोंदलेले असावे लागते, आणि त्या बचावातून मालकी मिळत नाही.

विक्रेत्याची अडचण तीन वर्षे उलटल्यावरही संपतेच असे नाही. जुने नोंदणीकृत साठेखत सूची-दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्तांच्या सूचीत, दिसतच राहते, आणि पुढच्या खरेदीदाराची बँक त्यावर बोट ठेवते. विक्रेत्याच्या एकट्याच्या सहीचा रद्दलेख दुसऱ्या पक्षाला बांधत नाही. दोघांच्या सह्यांचा नोंदणीकृत रद्दलेख तरी करावा लागतो, नाहीतर न्यायालयाकडून तसे जाहीर करून घ्यावे लागते.